त्रिकोणमितीय नित्यसमानता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला, आमच्या घराच्या पडवीत मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. नववीच्या गणित भाग २ मध्ये त्रिकोणमिती आठव्या प्रकरणात येते, दहावीच्या भाग २ मध्ये सहाव्या. ते प्रकरण सुरू झालं की फोनवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलं विचारतात, आया विचारतात, मुंबईहून एखादा मामा भाचीसाठी विचारतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. प्रश्न ज्यांचे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ओळीने वाचलंत तर बरं, पण मधलाच एखादा प्रश्न उघडलात तरी उत्तर समजायला हवं.

एक सूचना आधीच देते. इथे कोन सगळीकडे थीटाच आहे, म्हणून दर वेळी तो लिहिलेला नाही. "साइन² + कॉस² = १" दिसलं की प्रत्येकापुढे थीटा आहे असं समजा. वहीत मात्र असं चालणार नाही, त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये दिलं आहे.

१. बाई, नित्यसमानता म्हणजे समीकरणच ना? मग वेगळं नाव कशाला?

क्ष + ३ = ७ हे क्ष ची किंमत ४ असेल तेव्हाच खरं. दुसरी कुठलीही किंमत घातली की खोटं. आता (क्ष + १)² = क्ष² + २क्ष + १ पाहा. इथे क्ष च्या जागी काहीही घाला, दोन्ही बाजू सारख्याच येतात. नित्य समान, म्हणून नित्यसमानता.

त्रिकोणमितीत तसंच आहे. साइन = १/२ हे समीकरण लघुकोनांत फक्त ३०° ला खरं ठरतं. साइन² + कॉस² = १ मात्र ३०° ला खरं, ३१° ला खरं, साडेसत्तावन्न अंशालाही खरं. म्हणून पहिल्या प्रकाराला प्रश्नपत्रिका "सोडवा" किंवा "किंमत काढा" म्हणते आणि दुसऱ्याला "सिद्ध करा". सिद्ध करायच्या उदाहरणात शेवटी "थीटा = ४५°" असं उत्तर लिहून येणारी मुलं दरवर्षी भेटतात. तिथे शोधायचं काहीच नसतं, दाखवायचं असतं.

२. संमुख बाजू कोणती, लगतची कोणती, यातच गोंधळ होतो. काय करू?

आधी कर्ण शोधा. काटकोनाच्या समोरची बाजू म्हणजे कर्ण, ती कधी बदलत नाही. मग ज्या कोनाबद्दल विचारलंय त्या कोनावर बोट ठेवा. बोटासमोर आडवी जाणारी बाजू संमुख. बोटाला चिकटलेली, कर्ण सोडून उरलेली बाजू लगतची. बोट दुसऱ्या लघुकोनावर नेलंत की संमुख आणि लगतच्या बाजूंची नावं आपापसात बदलतात. गोंधळ होतो तो इथेच.

साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण. कॉस म्हणजे लगतची भागिले कर्ण. टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. पहिले काही दिवस आकृतीत बाजूंवर सं, ल, क अशी अक्षरं लिहा.

३. त्या तीन नित्यसमानता पाठ होतात, पण चार दिवसांनी विसरायला होतं. कायमच्या लक्षात कशा ठेवायच्या?

तीन पाठ करू नका. एकच आहे, आणि ती तुम्ही गवंड्याच्या हातात पाहिली असेल.

घराच्या चौथऱ्याची आखणी करताना गवंडी कोपऱ्यातल्या खुंटीपासून दोन दोऱ्या ताणतो. एका दोरीवर ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर. मग दोन खुणांमध्ये टेप धरतो. बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. नाही आलं तर एक खुंटी सरकवतो. हे पायथागोरसचं प्रमेय: ३² + ४² = ५², म्हणजे ९ + १६ = २५.

आता सगळ्याला २५ ने भागा. (३/५)² + (४/५)² = १. पण ३/५ म्हणजे संमुख भागिले कर्ण, म्हणजे साइन, आणि ४/५ म्हणजे कॉस. झाली साइन² + कॉस² = १. दशांशात पाहायचं तर ०.३६ + ०.६४ = १.

त्याच ९ + १६ = २५ ला लगतच्या बाजूच्या वर्गाने, म्हणजे १६ ने भागा. (३/४)² + १ = (५/४)². ३/४ म्हणजे टॅन, ५/४ म्हणजे सेक (कर्ण भागिले लगतची). म्हणून १ + टॅन² = सेक².

संमुख बाजूच्या वर्गाने, ९ ने भागलंत की १ + कॉट² = कोसेक² (कॉट म्हणजे लगतची भागिले संमुख, कोसेक म्हणजे कर्ण भागिले संमुख).

प्रमेय एकच, भागाकार तीन. कर्णाने भागलं की पहिली, लगतच्या बाजूने दुसरी, संमुख बाजूने तिसरी. ही तीन भागांची मांडणी कोऱ्या कागदावर रोज एकदा, आठवडाभर करा. परीक्षेत ऐनवेळी विसरलात तरी अर्ध्या मिनिटात पुन्हा काढता येईल.

४. साइनची जोडी सेक आणि कॉसची कोसेक, असंच ना? दोघांच्या सुरुवातीला सारखी अक्षरं आहेत म्हणून.

नाही, नेमकं उलटं. साइनचा गुणाकार व्यस्त कोसेक, कॉसचा सेक, टॅनचा कॉट. पूर्ण नावं घेऊन पाहा: साइन–कोसेक, कोसाइन–सेक, टॅन–कोटॅन. प्रत्येक जोडीत "को" एकदाच येतो. दोनदा आला किंवा एकदाही आला नाही तर जोडी चुकली.

५. ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° चा तक्ता पाठ करायलाच हवा का?

साइनची एक ओळ यायला हवी, बाकी सगळं तिच्यातून निघतं. ०, १, २, ३, ४ असे आकडे लिहा, प्रत्येकाचं वर्गमूळ घ्या, प्रत्येकाला २ ने भागा. मिळतात ०, १/२, √२/२ (म्हणजेच १/√२), √३/२, १. ही साइनची ओळ. हीच उलट्या क्रमाने लिहिली की कॉसची. वरच्याला खालच्याने भागलं की टॅन. उलट का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. साइन² थीटा आणि साइन थीटा² यात फरक काय? घात कुठेही लिहिला तर चालत नाही का?

चालत नाही. साइन² थीटा म्हणजे आधी साइन काढा, मग आलेल्या संख्येचा वर्ग करा. साइन थीटा² म्हणजे आधी कोनाचाच वर्ग. थीटा ३०° घ्या. साइन² ३०° = १/४. आणि ३० चा वर्ग ९००. साइन ९००° ची किंमत येते शून्य, कारण ९०० अंश म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या आणि वर १८०°. कुठे पाव, कुठे शून्य.

याच कारणासाठी वहीत कोन न लिहिता नुसतं "साइन" लिहू नये. साइन ही संख्या नाही, कोनावर करायची क्रिया आहे. नुसतं "साइन" म्हणजे नुसतं "वर्गमूळ" लिहून खाली काहीच न लिहिण्यासारखं. इथे मी जागेसाठी सोडलंय, पेपरात सोडाल तर गुण जातील.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर साइनच्या डोक्यावर −१ असलेलं बटण असतं, ते कोसेकचं नाही. ते उलट दिशेने जातं: साइनची किंमत द्या, कोन मिळवा.

७. साइन म्हणजे काय? मराठी शब्द वाटत नाही, इंग्रजीतही त्याला काही अर्थ दिसत नाही.

हा प्रश्न कमी मुलं विचारतात, पण मला तो फार आवडतो.

शब्दाचं मूळ आपल्याकडचं आहे. वर्तुळाचा कंस धनुष्यासारखा दिसतो, त्याची टोकं जोडणारी रेघ दोरीसारखी. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या, तिलाच जीवा म्हणतात. इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात आर्यभटाने या जीवेचा अर्धा भाग घेऊन कोष्टक दिलं. त्रिज्या ३४३८ धरून, दर ३ अंश ४५ कलांनी एक, अशा २४ अर्धज्या त्यातून मिळतात. तुमच्या पुस्तकातला साइन म्हणजे ती अर्धज्या भागिले त्रिज्या.

हे गणित अरबी विद्वानांकडे गेलं तेव्हा जीवा चं जीबा झालं. अरबीत स्वरांची चिन्हं बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे कुणी तोच शब्द जैब असा वाचला. जैब म्हणजे कपड्याचा घोळ, खिसा. हिंदीतली जेब हा त्याच शब्दाचा वंशज. बाराव्या शतकात युरोपात लॅटिन भाषांतर करताना त्या जैबला लॅटिन प्रतिशब्द दिला सायनस. सायनस म्हणजे घडी, वळण, आणि समुद्राचं आत शिरलेलं वळणही. दाभोळच्या किंवा बाणकोटच्या खाडीच्या काठी बसून साइनची उदाहरणं सोडवणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. धनुष्याची दोरी निघाली, अरबस्तानातून युरोपात गेली आणि परत आली ती आखाताच्या नावाने.

८. "सिद्ध करा" आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. डावीकडून की उजवीकडून?

जी बाजू जास्त गुंतागुंतीची दिसते तिच्यापासून. गुंता सोडवत साध्याकडे जाता येतं. साध्याचा मुद्दाम गुंता करणं अवघड.

एक उदाहरण हळूहळू करू. सिद्ध करा: टॅन + कॉट = सेक × कोसेक.

उजवीकडे नुसता गुणाकार आहे, डावीकडे बेरीज. बेरजेला काहीतरी करता येतं, म्हणून डावी बाजू घेते. टॅन आणि कॉट एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून दोघांना साइन-कॉसमध्ये लिहिते:

डावी बाजू = साइन/कॉस + कॉस/साइन

छेद वेगळे आहेत, समान करते:

= (साइन² + कॉस²) / (साइन × कॉस)

इथे थांबा. अंशात कोण बसलंय ते पाहा. प्रश्न ३ मधली गवंड्याची दोरी! तिची किंमत १.

= १ / (साइन × कॉस)
= (१/कॉस) × (१/साइन)
= सेक × कोसेक = उजवी बाजू.

प्रत्येक ओळीच्या पुढे कंसात कारण लिहायची सवय लावा. "छेद समान करून", "साइन² + कॉस² = १". कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ तुम्ही अंदाजाने लिहिली आहे, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच असते.

काहीच सुचलं नाही तर सगळं साइन-कॉसमध्ये लिहा. वाट लांबची होईल, पण पोचाल. अपवाद एवढाच: उदाहरणात फक्त सेक आणि टॅन असतील, किंवा फक्त कोसेक आणि कॉट, तर त्यांना मोडू नका. प्रश्न ३ मधली दुसरी किंवा तिसरी नित्यसमानता थेट लावा, दोन ओळींत सुटतं.

९. तिरकस गुणाकार करून दोन्हीकडे सारखंच आलं. तरी बाई, तुम्ही चूक का दिलीत?

कारण तिरकस गुणाकार करताना तू दोन्ही बाजू समान आहेत हे धरून चाललास, आणि तेच तर सिद्ध करायचं होतं.

यात काय बिघडतं ते असं बघ. मी म्हणाले, १ = −१. दोन्ही बाजूंचा वर्ग केला. १ = १. शेवटची ओळ खरी आली, म्हणून पहिली खरी झाली का? खोट्यापासून निघूनही खऱ्याला पोचता येतं. म्हणून एक बाजू धरायची आणि तिला बदलत बदलत दुसरीपर्यंत न्यायचं.

दोन्ही बाजू अवघड असतील तर दोन्ही वेगवेगळ्या सोडव. डावी बाजू = अमुक, उजवी बाजू = तेच अमुक, म्हणून डावी बाजू = उजवी बाजू. हे पूर्ण मान्य आहे. फक्त दोघींच्या मध्ये बरोबरचं चिन्ह शेवटच्या ओळीआधी येता कामा नये.

१०. छेदात "१ − साइन" आलं की गाडी अडते.

करणीच्या उदाहरणांत छेदाचं परिमेयीकरण केलं होतंत ना? छेदात २ − √३ असेल तर अंश आणि छेद दोघांना २ + √३ ने गुणायचं. तीच अनुबद्ध जोडी इथे.

कॉस / (१ − साइन) ला वर-खाली (१ + साइन) ने गुणा. छेदात १ − साइन² येतं, म्हणजे कॉस². वरचा एक कॉस खालच्या एका कॉसशी जातो. उरतं (१ + साइन) / कॉस. ते फोडलं की सेक + टॅन.

१ + कॉस, सेक − १, कोसेक − कॉट, सगळ्यांना हीच किल्ली लागते.

११. याचा खरोखर उपयोग काय? माडाची उंची काढायला साधा टॅन पुरतो, मग नित्यसमानता कशाला?

उंचीच्या बाबतीत तुझं बरोबर आहे. उन्नत कोन ४५° होईपर्यंत मागे सरकत गेलं की माडाच्या बुंध्यापासूनचं अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची, एवढी माडाची उंची. कोनमापकाच्या मध्याला ओळंबा बांधून हे मुलांबरोबर आवाटात जाऊन केलेलं आहे. त्यात नित्यसमानता लागत नाही.

ती लागते एक गुणोत्तर माहीत असून दुसरं हवं असतं तेव्हा. हे मी पुस्तकातून नाही, छपरावरून शिकले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात किती माड-पोफळी आडव्या झाल्या आणि किती घरांवरची कौलं गेली ते इथल्या वाचकाला सांगायला नको. आमचंही छप्पर गेलं. पाऊस तोंडावर होता. सुतारकाका आले तेव्हा आढं जागेवर नव्हतं, म्हणजे वासा किती लांब हवा हे थेट मोजायला काही उरलंच नव्हतं. भिंतीपासून आढ्याच्या रेषेपर्यंतचं आडवं अंतर तेवढं माहीत होतं: १२ फूट. उतार पूर्वीसारखा ठेवायचा, फुटाला नऊ इंच चढ.

काकांनी गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, काढला. एका पात्यावर १२ इंचांवर पेन्सिलने खूण केली, दुसऱ्या पात्यावर ९ इंचांवर. दोन खुणांमध्ये तिरका टेप धरला. १५ इंच. म्हणाले, "फुटाला सव्वा फूट वासा. पंधरा फूट, वर बाहेर काढायचा तो वेगळा."

मी तिथेच उभी होते. चढ भागिले आडवं, ९/१२, म्हणजे टॅन = ३/४. वासा भागिले आडवं म्हणजे सेक. १ + टॅन² = १ + ९/१६ = २५/१६, म्हणून सेक = ५/४. सव्वा! काकांच्या तोंडचं "सव्वा" आणि फळ्यावरचं ५/४ एकच होतं. कोन किती अंशांचा (सुमारे ३७°) हे त्यांना विचारावं लागलं नाही आणि मलाही काढावं लागलं नाही. नित्यसमानतेचं काम हेच: कोन न शोधता एका गुणोत्तरावरून दुसरं.

तेव्हापासून दुसरी नित्यसमानता मी वर्गात "वाशाची" म्हणून शिकवते, आणि ती कुणी विसरत नाही.

१२. साइन (९०° − थीटा) = कॉस थीटा, हे पाठ करायचं की समजण्यासारखं आहे?

समजण्यासारखं आहे. काटकोन त्रिकोणातले दोन लघुकोन मिळून ९०° होतात, ते एकमेकांचे कोटिकोन. प्रश्न २ मध्ये बोट एका कोनावरून दुसऱ्यावर नेलं तेव्हा संमुख आणि लगतची बाजू बदलली होती, ते आठवा. एका कोनाची संमुख ती दुसऱ्याची लगतची, म्हणून एकाचा साइन तो दुसऱ्याचा कॉस. कॉसचं जुनं नाव कोटिज्या, त्यातली कोटि आणि कोटिकोनातली कोटि एकच. तक्त्यात कॉसची ओळ उलटी येते तीही यामुळेच.

१३. साइन (अ + ब) = साइन अ + साइन ब, असं कंस सोडवून लिहिता येतं का?

नाही. अ = ३०°, ब = ६०° घ्या. डावीकडे साइन ९०° = १. उजवीकडे १/२ + √३/२, म्हणजे सुमारे १.३६६. आणि साइन कधी १ पेक्षा मोठा होतच नाही, कारण संमुख बाजू कर्णापेक्षा मोठी असू शकत नाही.

खरं सूत्र आहे: साइन अ × कॉस ब + कॉस अ × साइन ब. वरचेच कोन घालून पाहा, १/४ + ३/४ = १ येतं. हे अकरावीला शिकाल. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत ज्योत्पत्ती नावाच्या भागात ते दिलेलं आहे.

१४. सिद्ध करण्याऐवजी ३०° घालून दोन्ही बाजू सारख्या आल्या असं दाखवलं तर?

पूर्ण गुण मिळणार नाहीत. एका कोनाला खरं म्हणजे सगळ्या कोनांना खरं नव्हे. साइन + कॉस = १ हे ०° ला खरं येतं, ९०° लाही खरं येतं. ३०° ला सपशेल खोटं.

पण किंमत घालणं सोडू नका. उदाहरण सुरू करण्याआधी आणि अडकल्यावर ती फार कामाची. फळ्यावरून उतरवताना चिन्ह चुकलंय का, मधल्या ओळीत काही घसरलंय का, हे लगेच कळतं. त्यासाठी ०°, ९०° आणि ४५° मात्र घेऊ नका. ४५° ला साइन आणि कॉस सारखेच असतात, त्यामुळे तुम्ही दोघांची अदलाबदल केली असेल तर चूक झाकली जाते. सगळ्यात सोपं म्हणजे ३-४-५ चा त्रिकोण: साइन ३/५, कॉस ४/५, टॅन ३/४. वर्गमुळं नाहीत, तोंडी होतं.

१५. सेक + टॅन = ३ दिलंय आणि साइन काढायला सांगितलंय. सुरुवातच होत नाही.

सेक² − टॅन² = १ (प्रश्न ३ मधली दुसरी, बाजू बदलून). त्याचे अवयव पाडा: (सेक + टॅन)(सेक − टॅन) = १. पहिला कंस ३, म्हणून दुसरा १/३. बेरीज केली की २ सेक = १०/३, सेक = ५/३. वजाबाकी केली की टॅन = ४/३. आता साइन = टॅन भागिले सेक = ४/५. पुन्हा तोच ३-४-५.

कोसेक आणि कॉटची जोडी आली तर हीच रीत.

१६. रोज किती उदाहरणं करायची? आणि गणपती-शिमग्यात अभ्यास बुडतो त्याचं काय?

रोज चार, पण नीट. दोन नवी, एक कालचं न बघता, एक आठवड्यापूर्वीचं न बघता. वीस उदाहरणं गाइड समोर ठेवून उतरवण्यापेक्षा हे चार जास्त टिकतात. सुटलेलं उदाहरण वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कोरा कागद पुढे आला की कळतं काय येतंय. महिन्यातून एखादं उदाहरण दोन रीतींनी सोडवा: एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

गणपतीत पाच दिवस बुडाले तर बुडू द्या, सण सोडून अभ्यासाला बसवू नका. शिमगा आणि बोर्डाची परीक्षा मात्र मागेपुढेच येतात, म्हणून मी नित्यसमानता दिवाळीच्या सुट्टीतच पक्क्या करून घेते. पालखी घरी येईल तेव्हा तुमचं हे प्रकरण उजळणीला आलेलं असावं, शिकायला नव्हे. भाग २ चा पेपर ४० गुणांचा आणि वेळ दोन तास, तिथे सूत्र आठवत बसायला वेळ नसतो.

पावसात लाईट गेली की मोबाइलवरचे व्हिडिओ बंद पडतात. एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीन नित्यसमानता आणि साइनची ओळ लिहून दप्तरात ठेवा.

१७. मी चौथी शिकलेली. संध्याकाळी लिलावावरून येते तेव्हा मुलगी वही घेऊन बसलेली असते. मला यातलं काही येत नाही, मी अभ्यास कसा घेऊ?

ताई, तुम्हाला आलं नाही तरी चालेल. वही हातात घ्या, एकेका ओळीवर बोट ठेवा आणि एवढंच विचारा: "ही ओळ कशावरून आली?" तिला सांगता आलं तर बरोबर. ती अडखळली तर तिथे खूण करा आणि मला दाखवायला सांगा. माझ्या वर्गातही मी याहून वेगळं काही करत नाही.

आणि "आमच्याकडे गणित कुणाला येतंय" असं मुलीसमोर म्हणू नका. आंजर्ल्याजवळच्या मुर्डीत १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. मुर्डी तुमच्या घरापासून किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

१८. मोबाइलवर साइन ३० केलं तर −०.९८८ आलं. पुस्तक चूक की मोबाइल?

दोघंही बरोबर. मोबाइल ३० हा आकडा रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) घेतोय, पुस्तक अंशांत. सेटिंगमध्ये अंश निवडा, ०.५ येईल. मजा अशी की रेडियनमध्येच कॉस ३० काढलंत तर सुमारे ०.१५४ येतं, आणि दोघांचे वर्ग करून बेरीज केलीत तर १ च. एकक बदललं तरी नित्यसमानता हलत नाही. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा सवय लावून घेऊ नका.

१९. नित्यसमानता प्रत्येक कोनाला खरी म्हणता, मग टॅन ९०° अव्याख्य आहे तिथे १ + टॅन² = सेक² चं काय होतं?

"प्रत्येक कोनाला" याचा अर्थ ज्या ज्या कोनाला दोन्ही बाजूंना अर्थ आहे त्या प्रत्येक कोनाला. ९०° ला कॉस शून्य, आणि टॅन व सेक दोघांच्या छेदात कॉस. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिथे ही नित्यसमानता बोलतच नाही. खोटी ठरत नाही, लागूच होत नाही. टॅन × कॉट = १ हे ०° आणि ९०° दोन्हीकडे लागू होत नाही. साइन² + कॉस² = १ मध्ये भागाकार कर्णाने होतो आणि कर्ण कधी शून्य नसतो, म्हणून तिला असं कुठलंच कुंपण नाही.

२०. साइन² + कॉस² = १ वरून कॉस = √(१ − साइन²) असं नेहमी लिहिता येतं का?

दहावीपर्यंत येतं, त्यापुढे सांभाळून. वर्गमूळ घेताना उत्तर धनही असू शकतं, ऋणही. लघुकोनाचा कॉस धन असतो म्हणून आपण ऋण उत्तर सोडून देतो. अकरावीत कोन ९०° च्या पुढे जातात. १२०° चा साइन √३/२, त्याचा वर्ग ३/४, १ मधून वजा केला की १/४, वर्गमूळ १/२. पण कॉस १२०° आहे −१/२. वर्ग असलेली मूळ नित्यसमानता तिथेही खरी आहे, कारण १/४ + ३/४ = १. घोटाळा वर्गमुळाच्या चिन्हाने केला.

म्हणून प्रश्नात "थीटा लघुकोन आहे" असे शब्द दिसले की ते वाचून पुढे जाऊ नका, उत्तरात वापरा. वर्गमूळ काढलेल्या ओळीपुढे कंसात लिहा: थीटा लघुकोन असल्यामुळे कॉस थीटा धन.